आजोळचं टेबल

नासोलो, कोरो बेट
१२ फेब्रुवारी १९९४

प्रिय एरोनी,

नाताळला येतो म्हणालास आणि आला नाहीस. नव्या वर्षाला येतो म्हणालास, तेव्हाही तुझा पत्ता नाही. नोकरी संपून तीन महिने झाले, आता सुवामध्ये तुझं असं काय अडलंय ते एकदा कळू दे. वासिती म्हणते, "भावोजींना शहर सोडवत नसेल." मी म्हटलं, शहराला तो सोडवत नसेल, तिथे फुकट गप्पा मारणारी माणसं कमी आहेत.

पोस्टातल्या रेडिओफोनवर बोललो असतो. पण तिथे मी एक वाक्य बोललो की रांगेतली सहा माणसं त्याचं उत्तर देतात. म्हणून हे पत्र. आते-मामेभावांनी एकमेकांची अब्रू काढायची ती तरी घरातल्या घरात राहू दे.

बातमी अशी, की मी घरात टेबल टेनिसची खोली करतोय. पडवीत नाही, बोटींच्या छपरात नाही, चक्क पुढच्या खोलीत, जिथे बाबा पाहुण्यांना बसवायचे. आपल्या लहानपणी चर्चच्या हॉलमध्ये ते टेबल होतं, त्यानंतर गावात दुसरं टेबल आलंच नाही. पोरं संध्याकाळी धक्क्यावर बसून एकमेकांना खडे मारतात. तेव्हा हे त्यांच्यासाठी आहे. तुझ्यासाठी नाही, उगाच हुरळून जाऊ नकोस.

लाकूड घरात आहे. शेवटच्या बोटीसाठी म्हणून मी आठ वर्षं जपलेल्या फळ्या तुला आठवत असतील. माझे गुडघे आता बोटीच्या पोटात वाकत नाहीत, म्हणजे ती बोट काही होत नाही. वासितीला हे सांगितलं तेव्हा तिने आधी जाऊन फळ्यांवरची धूळ झटकली. मग म्हणाली, "निदान टेबल बुडणार तरी नाही."

आता कामाचं. मला मापं हवीत. त्या जुन्या टेबलाचं मला एवढंच आठवतं, की त्याचा एक पाय आखूड होता आणि त्या बाजूला तू मलाच उभा करायचास. तू तीनदा फिजीचा विजेता झालेला माणूस, तुला झोपेतसुद्धा मापं येत असतील. इंचांत लिही. माझ्या पट्टीवर सेंटिमीटर पुसले गेलेत.

तुझा,
इलैतिया


सुवा
३ मार्च १९९४

प्रिय इलैतिया,

पत्र टाइप केलंय म्हणून दचकू नकोस. निवृत्तीच्या वेळी ऑफिसने जुना टाइपरायटर दिला. पडून गंजण्यापेक्षा वापरतोय.

मापं अशी. लांबी नऊ फूट, रुंदी पाच फूट, जमिनीपासून उंची अडीच फूट. जाळी सहा इंच उंच, आणि दोन्ही बाजूंना टेबलाच्या सहा इंच बाहेर. मध्ये जोड ठेव, दोन अर्धी कर, नाहीतर दारातून बाहेर निघणार नाही. टेबलाच्या मागे दोन्हीकडे किमान सहा फूट मोकळे हवेत, जास्त असतील तर बरं. एक फुटावरून चेंडू सोड. नऊ इंच उसळला तर टेबल झालं. कमी उसळला तर ते जेवणाचं टेबल आहे.

भिंती गडद रंगव. चेंडू पांढरा असतो. खिडकी खेळणाऱ्याच्या समोर नको, बाजूला हवी. वाऱ्याचं काय करणार ते तूच बघ, तुझं घर समुद्राकडे तोंड करून आहे.

मी इथे कामात आहे. मुलांचा एक संघ शिकवायला घेतलाय. लगेच निघता येणार नाही. पोरगी बरी आहे, मेरेओनीला शाळेत शिकवायला वरचा वर्ग मिळाला.

चांगलं लाकूड टेबलात घालतोयस. पुन्हा विचार कर.

एरोनी


नासोलो
२८ मार्च १९९४

टाइपरायटरसाहेब,

तुमचं छापील पत्र पावलं. पत्र उघडलं तेव्हा वासितीला वाटलं सरकारने आपली जमीन मागितली. पूर्वी तुझं पत्र आलं की चार पानं दोन्ही बाजूंनी भरलेली असायची, समासातसुद्धा कुणाची तरी टिंगल असायची. आता अर्धं पान, आणि त्यातही मापंच मापं. शहरात शब्दांनाही भाडं पडतं का?

असो. टेबल झालं. झालं म्हणजे दोनदा झालं. नऊ बाय पाच, तू सांगितलंस तसं, इंचभरही इकडेतिकडे नाही. तासून, घासून असं गुळगुळीत केलं की त्यात तोंड दिसावं. मध्यभागी चेंडू ठेवला, तर तो निघाला डावीकडे. उचलून परत ठेवला, तर उजवीकडे. मी म्हटलं घर कललं. मग दोन दिवस घराखालच्या खांबांना पाचरी मारल्या, चार माणसं लावली, घर एका बाजूने उचललं, वासितीची दोन भांडी फुटली. चेंडू तसाच. शेवटी तिनेच टेबलाशी डोळा लावून बघितलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही डेक बांधलंय."

खरंच रे. बोटीच्या डेकला मध्ये अर्ध्या इंचाचा उंचवटा द्यायचा असतो, पाणी दोन्ही बाजूंनी ओघळावं म्हणून. चाळीस वर्षं हात तेच करत आला. हाताला कुणी सांगितलंच नाही, की या खेळात लाटा येत नाहीत. मग सगळं परत रंधा मारून सपाट केलं. आता चेंडू ठेवला तिथे बसतो आणि एक फुटावरून सोडला की नऊ इंच उसळतो. मी तो इतक्या वेळा सोडून बघितलाय, की कुत्राही आता उठून बाहेर जातो.

बोटीचा निळा रंग घरात पडून होता, तोच भिंतींना दिला. वाऱ्यासाठी समुद्राकडच्या बाजूला चटया टांगल्यात. त्यामुळे आत उकडतं, पण चेंडू गावभर फिरत नाही.

एक अडचण मात्र मापांत नव्हती. पहिल्याच दिवशी सेमीमामा आले, तुझे मामा, माझे काका, पण तुझ्यामुळे सगळ्यांचेच मामा झालेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे झालेत, कान गेलेत, उत्सुकता शिल्लक आहे. आले आणि रोजच्यासारखे भिंतीशी चटईवर बसले. त्यांच्यामागोमाग आणखी चार म्हातारे आले, यंगोना प्यायचं भांडं आलं, तेही बसले. आता मोठी माणसं खाली बसलेली असताना पोरांनी त्यांच्या डोक्यावर ताठ उभं राहायचं कसं? पोरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मग पोरं कमरेत आणि गुडघ्यांत वाकून खेळायला लागली. चेंडू म्हाताऱ्यांच्यात गेला की रांगत जायचं, 'तुलोऊ, तुलोऊ' अशी माफी मागायची, कुणाच्या मांडीखालून चेंडू काढायचा आणि तसंच मागे सरकत यायचं. एकवीस गुणांचा एक डाव व्हायला पाऊण तास लागला. सेमीमामा म्हणाले, फार सभ्य खेळ आहे.

ईस्टरला ये. मागची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवलीय.

इलैतिया


सुवा
२० एप्रिल १९९४

प्रिय इलैतिया,

डेकची गोष्ट मेरेओनीला वाचून दाखवली. ती हसून हसून खाली बसली. मीही बऱ्याच दिवसांनी हसलो.

पोरं वाकून खेळतात ते थांबवू नकोस. गुडघे वाकवा, गुडघे वाकवा, असं मी वीस वर्षं मुलांच्या मागे ओरडत आलो. तुमच्याकडे पाच म्हाताऱ्यांनी ते एका दिवसात केलं. म्हाताऱ्यांना तिथेच बसू दे.

ईस्टरला येणं जमलं नाही. पुढेही लगेच जमेल असं वाटत नाही. शिवाय मी आता खेळत नाही, शिकवतो फक्त. तेव्हा माझ्यासाठी काही ठेवू नकोस. मागच्या खोलीत तुझी हत्यारं ठेव.

एरोनी


नासोलो
१४ मे १९९४

प्रिय एरोनी,

हत्यारं बाहेर आहेत. खोली रिकामी आहे आणि रिकामीच राहील.

तुला काय झालंय? मी काही बोललो का? तुला कुणी काही सांगितलं का? तुझं पत्र आलं की मी आधी नुसतं चाळतो, कुठे माझी खोडी काढलीयस का ते बघतो. नसली की मग सावकाश वाचतो, कारण वाचायची घाई उरत नाही. तू शेवटचं मला 'ढोल्या' कधी म्हणालास सांग बरं.

वासितीचं म्हणणं, शहरात तुझा मान आहे, इथे चटईवर बसून पोरांना चेंडू टाकायला तुला कमीपणा वाटत असेल. मी तिच्यावर चिडलो. रात्रभर विचार केला आणि सकाळी मला वाटलं, खरंच असेल का? लिहू नये ते लिहिलं. पण तुझ्या-माझ्यात न लिहिलेलं काही ठेवायची सवय नाही.

आता मी काय करून बसलोय ते ऐक. दोन जुलैला खोलीचं उद्घाटन ठेवलंय. शेजारच्या गावालाही बोलावलंय. एक डुक्कर बाजूला काढून ठेवलंय, अळूचे कंद सासुरवाडीहून येणार आहेत, पाद्रीसाहेब प्रार्थना म्हणणार आहेत. आणि मी सगळ्यांना सांगितलंय, की पहिला डाव एरोनी खेळणार, माझ्याशी. सेमीमामांच्या कानात ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "असं का? मग तोपर्यंत मरत नाही."

माझा शब्द गेलाय. आता तो तुझ्या हातात आहे.

इलैतिया


सुवा
३० मे १९९४

प्रिय इलैतिया,

माझी आई तुमच्या घरची मुलगी. नासोलो माझं आजोळ. भाच्याने आजोळी येऊन जे मागावं ते त्याला मिळतं, ही रीत तुला मी सांगायला नको. साठ वर्षांत त्या हक्काने मी एक कोंबडीही मागितलेली नाही.

आता मागतो. ते टेबल मला दे. गुरुवारच्या बोटीने सुवाला पाठव.

उद्घाटन करू नये.

एरोनी


नासोलो
११ जून १९९४

एरोनी,

टेबल पाठवलं. हे पत्र त्याच्या पुढच्या बोटीने येतंय.

तुझं पत्र मी सेमीमामांना वाचून दाखवलं, म्हटलं त्यांनी तरी काही मार्ग काढावा. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "भाच्याने मागितलं ना? मग परत परत वाचतोस काय, दोर आण." झालं. दोन्ही अर्धी सोडवली, वासितीने विणलेल्या चांगल्या चटयांत गुंडाळली, आठ माणसांनी धक्क्यावर नेली. मामा स्वतः काठी टेकत आले. रीतीप्रमाणे यंगोनाची मुळी ठेवून, चार शब्द बोलून त्यांनी ते तुझ्या नावाने दिलं. मी दोराच्या गाठी पुन्हा पुन्हा तपासत उभा होतो. पोरं पार शेवटपर्यंत बोटीबरोबर किनाऱ्याने पळत गेली.

राग आला नाही असं लिहिणार होतो. आलाय. फार आलाय. तू बोट मागितली असतीस, घर मागितलं असतंस, तर इतकं लागलं नसतं.

आणि आता लाज सोडून खरं सांगतो. पोरांबिरांचं काही नव्हतं. पोरं खडे मारतच मोठी होतात, आपणही झालो. ती खोली मी तुझ्यासाठी केली. तुझी बायको गेल्यापासून मी वाट बघतोय, की आता नोकरी संपेल आणि तू घरी येशील. मला वाटलं, नुसतं ये म्हटलं तर तो येणार नाही, त्याला कामाला काहीतरी पाहिजे, हात रिकामे राहिले तर तो उदास होतो. म्हणून टेबल. चौसष्ट वर्षांचा झालो, बरोबरीचा असा एकच माणूस उरलाय. बाकीचे सगळे मला मान देतात आणि मला त्याचा कंटाळा आलाय.

खोलीत आता काही नाही. म्हातारे मात्र रोज येतात आणि भिंतीशी बसतात. मधली जागा तशीच मोकळी सोडतात.

इलैतिया


सुवा
२५ जून १९९४

प्रिय इलैतिया,

हे पत्र मी चार दिवस लिहितोय. घाई नव्हती, पण जमतही नव्हतं.

टेबल पोचलं. धक्क्यावरच्या हमालांनी मेरेओनीला विचारलं, चटईत कोण गुंडाळलंय? आमच्या दोन खोल्या. दोन अर्धी भिंतीला उभी लावलीत, त्यामुळे कपाटाचं दार उघडत नाही आणि स्वयंपाकघरात आडवं होऊन जावं लागतं. पहिल्या रात्री मी त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसलो. तुझा रंधा कुठून कुठे गेलाय ते बोटाने बघत होतो. डाव्या बोटाने.

आता ऐक. नोव्हेंबरमध्ये, नोकरी संपायच्या आठ दिवस आधी, मला झटका आला. सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून पडला आणि तो उचलायला हात गेलाच नाही. उजवा हात गेला. उजवा पाय ओढत चालतो. तोंड थोडं वाकडं झालं होतं, ते बरंचसं जागेवर आलंय. टाइपरायटर ऑफिसने दिलेला नाही, मेरेओनीने जुन्या बाजारातून आणला. मी एका बोटाने टाइप करतो, म्हणून पत्रं छोटी. तुझी खोडी काढायला फार अक्षरं लागतात रे.

मुलांचा संघ नाही. मी कुणाला शिकवत नाही. नासोलोचा माणूस दारात दिसला की मी आतल्या खोलीत जातो आणि मेरेओनी सांगते, ते झोपलेत. चर्चसुद्धा बदललं, तिकडे आपल्या बेटाचं कुणी येत नाही. पोरीला मी शपथ घातली होती. तिला दोष देऊ नकोस, ती रोज मला लिही म्हणत होती.

मी त्या गावातून गेलो तो जिंकायला गेलो. जेव्हा जेव्हा परत आलो, हातात कप घेऊन आलो. माझे वडील दुसऱ्या बेटाचे, ते गेल्यावर आई मला घेऊन तुमच्या दारात आली, आणि तुमच्या घराने मला पोटच्या पोरासारखं वाढवलं. त्याची फेड म्हणून मला तेवढंच येत होतं. आता मुलगा नव्हे, नुसता भाचा, तोही एका हाताचा, यायचा आणि तुमच्याकडे बसून खायचं? आणि तू तर सगळ्या गावासमोर मला टेबलाशी उभा करणार होतास.

म्हणून टेबल मागितलं. मला वाटलं तू देणार नाहीस. शिव्या देशील, माझं तोंड बघणार नाही म्हणशील, आणि प्रकरण मिटेल. तू ते चांगल्या चटईत गुंडाळून पाठवलंस.

भाच्याने नेलेलं परत पाठवता येत नाही, तो मामांचा अपमान होईल. ठेवायला जागा नाही. मी काय करून बसलो, इलैतिया?

माफ कर, ढोल्या.

एरोनी


नासोलो
४ जुलै १९९४

एरोनी, गाढवा,

तुझं पत्र वाचलं आणि मी परसात, मासे वाळत घालतो तिथे जाऊन रडलो. हे मी लपवणार होतो, पण वासितीने पाहिलंय. ती कुणाला तरी सांगेलच, त्यापेक्षा मीच सांगतो.

आठ महिने! आठ महिने तू एकटा त्या दोन खोल्यांत बसून राहिलास आणि मी इथे तुला शिष्ट म्हणत होतो. तुझा मला इतका राग आलाय, की समोर असतास तर मिठी मारून हाडं मोडली असती.

हाताचं म्हणशील तर त्याच हाताने तू मला चाळीस वर्षं हरवत आलास. त्याच्याबद्दल मला सांगावं तेवढं दुःख झालेलं नाही.

पत्र मी सेमीमामांना वाचून दाखवलं. सगळं, हाताचंसुद्धा. कानात ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे आता ते गावालाही ठाऊक आहे. तेव्हा लपायचं काम संपलं. मामा बराच वेळ काठीच्या मुठीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "याची आई सहा वर्षांच्या पोराला घेऊन धक्क्यावर उतरली, तेव्हा त्याच्या हातात कुठला कप होता?" एवढंच म्हणाले आणि यंगोना मागितली.

दोन जुलैला माणसं आली होती. निरोप पोचला नव्हता सगळ्यांना. मी उद्घाटन पुढे गेलं म्हणून सांगितलं. डुक्कर अजून जिवंत आहे आणि रोज वजन वाढवतंय.

आता मी काही मागतो. मी तुझ्या आजोळचा, भाच्यासारखा हक्क मला नाही. पण नात्यातल्या माणसाने नात्यातल्या माणसाकडे मागायचं, एवढी रीत आपल्यात सगळ्यांनाच आहे. मीही साठ वर्षांत तुझ्याकडे काही मागितलेलं नाही, आठवून बघ.

टेबल मागत नाही. ते तुझं आहे, तुझंच राहील.

मला एरोनी दे. जसा असेल तसा, गुरुवारच्या बोटीने.

तुला जेवायला बसवलं म्हणून कुणी उपकार केले असं होणार नाही, याची काळजी मी घेईन. रोज टोमणे मारीन. टेबलाशी उभं राहायचं की नाही ते तू ठरव. राहिलास तर एक गुणही सोडणार नाही, हे सेमीमामांच्या गळ्याची शपथ घेऊन लिहितो. नाही राहिलास तर दोघं भिंतीशी बसू. तिथे जागा करून ठेवलीय.

इलैतिया


नासोलो
६ ऑगस्ट १९९४

प्रिय मेरेओनी,

पोरी, तुझ्या बाबांचं पत्र वेगळं येईल, पण ते एका बोटाने लिहिणार, म्हणजे ख्रिसमसपर्यंत येईल. म्हणून मी लिहितोय.

बोट आली तेव्हा समुद्र खवळलेला होता. धक्क्याला लागता येईना, म्हणून मोठ्या बोटीतून होडीत उतरायचं होतं. मी चार पोरं तुझ्या बाबांना उचलायला पाठवली. एरोनी म्हणाला, "मला हात लावाल तर याद राखा." मग होडी हलली, त्याचा पाय सटकला आणि चौघांनी न विचारता उचललं. खांद्यावर बसून तो असा शिव्या देत किनाऱ्याला आला, की सगळ्या गावाला हायसं वाटलं. त्यामागून टेबल आलं, त्याच चटयांत. ते त्याचंच आहे. माझ्या घरात त्याने ते ठेवायला जागा मागितली, ती मी दिली.

पहिले दोन दिवस तो खोलीत आला नाही. मागच्या खोलीत पडून राहिला. मी काही बोललो नाही, आणि मला न बोलता राहणं किती जड जातं ते तुला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी पोरं खेळत होती. एक दहा वर्षांची पोरगी आहे, लिविया, ती चेंडू सारखा जाळीत मारत होती. आतून आवाज आला, "कोपर आत घे." पुन्हा जाळीत. "आत म्हणजे आत, बरगडीला चिकटव." तिने चिकटवलं, आणि चेंडू पलीकडे गेला. थोड्या वेळाने तुझे बाबा पाय ओढत, भिंत धरून दारात आले. म्हाताऱ्यांपुढे आले म्हणून वाकायला गेले, तेव्हा सेमीमामा म्हणाले, "तू ताठ उभा राहा रे."

मग तो माझ्याशी खेळला. डाव्या हाताने. चेंडू उडवायला दुसरा हात नाही, म्हणून बॅटवरच चेंडू ठेवून तिथूनच उडवायचा आणि मारायचा. पहिले सहा तर टेबलावरच आले नाहीत. मी शपथ घेतली होती, पोरी, म्हणून प्रत्येक चेंडू मी जोरात मारला. मारताना डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं, पण मारला. एकवीस-चार असा हरला. त्यातले दोन मी खरोखर चुकलो, एक काठाला लागून गेला, आणि एक मात्र त्याने असा फिरवून मारला की मी जागच्या जागी राहिलो. तेव्हा जो आरडाओरडा झाला त्याने डुक्कर दोरी तोडून पळालं. ते संध्याकाळी सापडलं आणि मग आम्ही उद्घाटन करूनच टाकलं.

हरल्यावर तो खाली बसला. घामाने भिजला होता. मला वाटलं, संपलं, आता हा उठत नाही. त्याने लिवियाकडे पाणी मागितलं, प्यायला, आणि मला म्हणाला, "ढोल्या, बाजू बदल. तिकडून उजेड डोळ्यांवर येतो."

त्यानंतर रोज खेळतो. काल एकवीस-नऊ. पोरं त्याच्या भोवती असतात, तो बसल्या बसल्या सगळ्यांना बोलतो आणि कुणाला वाईट वाटत नाही.

येताना त्याने आठवड्याचेच कपडे आणले होते, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. आठवडा होऊन गेला, त्यावर दोघंही काही बोललो नव्हतो. आज सकाळी वासितीने ते कपडे तिसऱ्यांदा धुऊन दोरीवर टाकले. तो पायरीवर बसून बघत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मेरेओनीला लिहितोयस ना? तिला सांग, माझे कपडे पाठव म्हणावं."

मी विचारलं, "किती दिवसांचे?"

तो म्हणाला, "सगळे."

तुझा,
इलैतियाकाका